ऑक्सफर्डची मागची बाजू: कालव्यापासून होलीवेलपर्यंत आठ किलोमीटरची पायी फेरी

लंडनहून एका दिवसासाठी ऑक्सफर्डला आलेला पाहुणा बहुधा स्टेशनवरून सरळ हाय स्ट्रीट गाठतो, रॅडक्लिफ कॅमेरा या घुमटाच्या ग्रंथालयासमोर फोटो काढतो, एखाद्या कॉलेजचं तिकीट काढून आतला चौक बघतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. त्यात काही चूक नाही. पण विद्यापीठ ज्यांच्या हातांवर चाललं, ते छपाईचे खिळे जुळवणारे, छापणारे, कोळसा वाहणारे, लोखंड ओतणारे लोक राहायचे पश्चिमेच्या गल्ल्यांत. प्राध्यापकांचे बंगले होते उत्तरेला. ही फेरी त्या दोन्ही भागांतून जाते आणि गर्दीच्या चौकात शेवटच्या दहा मिनिटांतच शिरते.

मराठी वाचकाला या वाटेवर आणखी एक सोय आहे. सायणभाष्यासह ऋग्वेद पहिल्यांदा जिथून पूर्ण छापून निघाला तो छापखाना, त्याच्या संपादकाचं घर, त्याची कबर, आणि प्राध्यापकपदाच्या निवडणुकीत त्याला हरवणाऱ्या मुंबईत जन्मलेल्या पंडिताने उभारलेली संस्था, ही सगळी ठिकाणं वाटेत याच क्रमाने येतात. त्यासाठी कुठे वाट वाकडी करावी लागत नाही.

निघण्याआधी

स्टेशनपासून ब्रॉड स्ट्रीटपर्यंत साधारण साडेसात ते आठ किलोमीटर अंतर आहे. नुसतं चालत सुटलात तर दोन तास, थांबत-बघत गेलात तर चार ते साडेचार. बिन्सी गावाचा फाटा धरलात तर तीन किलोमीटर आणि किमान एक तास वाढतो. वाट जवळजवळ सगळी सपाट आहे. चढ म्हणाल तर कालव्यावरच्या आणि रेल्वेवरच्या पुलांचा, तेवढाच.

लंडनहून पॅडिंग्टन आणि मॅरिलबोन या दोन्ही स्टेशनांवरून ऑक्सफर्डची गाडी मिळते; तासाभराचा प्रवास. सकाळच्या गर्दीची वेळ टळल्यावरचं तिकीट बरंच स्वस्त पडतं, आणि तीन ते नऊ जण एकत्र असतील तर गटसवलतही मिळते, ती तिकीट काढतानाच मागायची. दहाच्या सुमाराला चालायला लागाल असा बेत करा. त्याआधी कालव्याच्या काठावर सायकलवरून कामाला जाणाऱ्यांची रांग असते आणि पाहुण्यांचा घोळका त्यांच्या मधोमध सापडतो.

उलट बाजूचं गणितही आधीच करून ठेवा. डिसेंबरात सूर्य चारच्या आसपास मावळतो, आणि युनिव्हर्सिटी पार्क्स हे उद्यान व वाटेतल्या दोन्ही स्मशानभूमी अंधार पडण्याआधी बंद होतात. हिवाळ्यात दुपारी बारानंतर निघालात तर उत्तरार्ध हुकलाच म्हणून समजा. सगळ्यात चांगले महिने एप्रिलअखेर ते सप्टेंबर. मे-जूनमध्ये परीक्षा चालू असतात, तेव्हा कॉलेजांची दारं पाहुण्यांना बऱ्याचदा बंद असतात. या फेरीचं त्यावाचून काही अडत नाही, कारण इथे कॉलेजच्या आत जायचंच नाहीये.

पायात चिखल चालेल असे बूट हवेत, पांढरे कॅनव्हासचे नकोत. छत्रीपेक्षा टोपीवालं जलरोधक जॅकेट बरं, कारण कुरणावरचा वारा छत्री उलटी करतो. उन्हाळ्यातही पोटऱ्या झाकणारी पँट घाला: स्मशानभूमींत नेटल नावाचं खाजरं झुडूप गुडघ्याएवढं माजतं आणि उघड्या पायाला लागलं की तासभर चुरचुरतं. वाटेत स्वच्छतागृहं फार कमी आहेत. स्टेशनवर एकदा, जेरिकोत चहा घ्याल त्या कॅफेत एकदा, आणि नंतर थेट पार्क्स रोडवरच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये, जिथे प्रवेश मोफत आहे. मधल्या टप्प्यात सोय मिळेल असं धरून चालू नका.

गट नेणार असाल तर सहा-आठ माणसांच्या वर जाऊ नका. जेरिकोचे फूटपाथ इतके अरुंद आहेत की दोघं शेजारी उभे राहिले तरी तिसऱ्याला रस्त्यावर उतरावं लागतं, आणि घरांच्या खिडक्या थेट फूटपाथवर उघडतात. माहिती सांगायची ती थांब्यांवर, चालताना नाही. आधी सगळ्यांना रुंद जागी गोळा करा आणि मग बोला, नाहीतर शेवटच्या दोघांना काहीच ऐकू जात नाही आणि तेच पुढे वाट चुकतात.

कालवा

स्टेशनातून बाहेर पडून चौक ओलांडा आणि हाइथ ब्रिज स्ट्रीट धरा. पाच मिनिटांत छोटा पूल लागतो. पुलाशेजारी डाव्या हाताला कालव्याची पायवाट सुरू होते. ही जागा पटकन दिसत नाही. गजबजलेल्या रस्त्याला लागूनच झाडांत शिरणारी वाट असल्याने लोक सरळ पुढे जातात. वर्दळीचा मोठा चौक लागला तर समजा पुढे आलात, मागे फिरा.

कोव्हेंट्रीकडून येणारा हा कालवा १७९० मध्ये ऑक्सफर्डपर्यंत पोहोचला. त्यावाटे मिडलँड्सचा स्वस्त कोळसा आला. पूर्वी तो आणखी पुढे जायचा. त्याचा शेवटचा तुकडा, म्हणजे माल उतरवायचा धक्का, विसाव्या शतकात बुजवला आणि त्या जागेवर नफील्ड कॉलेज उभं राहिलं. पैसे देणारे लॉर्ड नफील्ड म्हणजे मोटारी बनवणारे विल्यम मॉरिस. त्यांचं जुनं गॅरेज शेवटच्या टप्प्यात भेटेल.

उजवीकडे कालवा, डावीकडे ओढा आणि मधून तुमची वाट असं अर्धा किलोमीटर जा. काठाला बांधलेल्या लांबट, चिंचोळ्या बोटी शोभेच्या नाहीत, त्यांत माणसं राहतात. छपरावर सरपणाची पोती, कुंड्या, सायकली दिसतील. खिडकीतून आत डोकावणं किंवा फोटो काढणं म्हणजे कुणाच्या स्वयंपाकघरात कॅमेरा घालणं. मागून घंटी वाजली की एका रांगेत कडेला व्हा. पाण्याच्या नव्हे, झाडीच्या बाजूला.

आयसिस लॉकपाशी, म्हणजे थेम्सकडे जाणाऱ्या बोटी पाणी कमी-जास्त करून उतरवायच्या दरवाजांपाशी, लोखंडी कमानीचा पूल आहे. तो ओलांडून कालवा उजव्या हातालाच ठेवत पुढे चला. थोड्या वेळात पलीकडच्या काठावर चौकोनी, इटालियन वळणाचा उंच मनोरा दिसतो. तो दिसला की पुढच्या पादचारी पुलावरून उजवीकडे उतरायचं. हा पूल चुकला तर वाट बरीच पुढे जेरिको ओलांडून जाते.

जेरिको

मनोरा सेंट बार्नाबस चर्चचा. १८६९ मध्ये आर्थर ब्लूमफील्ड या वास्तुविशारदाने ते बांधलं, खर्च केला टॉमस कोंब यांनी, आणि हे कोंब होते विद्यापीठाच्या छापखान्याचे व्यवस्थापक. त्यांची अट होती की पैसा बाहेरच्या नक्षीवर घालवायचा नाही, बांधकाम मजबूत हवं. म्हणून बाहेरून चर्च अगदी साधं, गिलावा केलेलं आहे, आणि आत शिरलात की सोनेरी मोझेइक. दार उघडं असेल आणि प्रार्थना चालू नसेल तर दहा मिनिटं आत घालवा. रविवारी सकाळी मात्र बाहेरूनच बघा.

इथून कार्डिगन स्ट्रीट, अल्बर्ट स्ट्रीट, ग्रेट क्लॅरेंडन स्ट्रीट अशा गल्ल्यांतून पूर्वेकडे सरका. नेमका क्रम महत्त्वाचा नाही, गल्ल्या आडव्या-उभ्या चौकटीत आहेत आणि हरवायला जागा नाही. वर दोन खोल्या, खाली दोन खोल्या अशी ही घरं छापखान्याच्या आणि लोखंड कारखान्याच्या कामगारांची होती. जमीन सखल, पाण्याचा निचरा वाईट. एकोणिसाव्या शतकातल्या पटकीच्या साथींत या वस्तीने फार सोसलं. आता तीच घरं सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेर गेली आहेत. विटांकडे नीट बघा: लाल विटांच्या रांगेत फिक्या विटा आळीपाळीने बसवून भिंतीवर चौकटी उमटवल्या आहेत. काही दारांशेजारी, घोट्याच्या उंचीवर, भिंतीत लोखंडी पट्टी बसवलेली दिसेल. बुटाचा चिखल खरवडायची ती सोय. कालव्याकडच्या रस्त्यांचा चिखल किती होता ते त्यावरून कळतं.

ग्रेट क्लॅरेंडन स्ट्रीटच्या टोकाला वॉल्टन स्ट्रीट लागतो आणि कोपऱ्यावरच ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसची इमारत. समोरच्या फूटपाथवर जाऊन बघा, नाहीतर तिचा अंदाज येत नाही. खांब, कमान, आत चौक; कॉलेजच वाटावं अशी रचना मुद्दाम केली आहे. छापखाना १८३० च्या सुमारास इथे आला. तुम्ही तोंड करून उभे राहिलात की डावं, म्हणजे दक्षिणेचं अंग बायबल छापण्याचं, आणि उजवं, उत्तरेचं अंग पांडित्याच्या ग्रंथांचं. बायबलच्या विक्रीवर दुसऱ्या अंगाचा तोटा भरून निघायचा.

ऋग्वेदाचं काम इथे चाललं. फ्रिडरिश मॅक्सम्युलर हा तरुण जर्मन पंडित १८४८ मध्ये ऑक्सफर्डला राहायला आला तो मुळात मुद्रितं तपासण्यासाठी. खर्च ईस्ट इंडिया कंपनीचा. पहिला खंड १८४९ ला आणि सहावा १८७४ ला निघाला: पंचवीस वर्षं. ज्या कंपनीने काम सुरू करवलं तिचा कारभारही मध्येच संपला. इथली छपाई १९८९ मध्ये बंद झाली, आता फक्त प्रकाशनाचं काम चालतं. आतलं छोटं संग्रहालय आधी वेळ ठरवल्याशिवाय बघता येत नाही, तेव्हा हवं असेल तर आठवडाभर आधी विचारून ठेवा.

रस्त्याच्या पूर्वेला ग्रीक देवळासारखं दिसणारं जुनं सेंट पॉल्स चर्च आहे, तिथे आता खाणंपिणं चालतं. त्याच्या बाजूला काचेच्या चकत्या एकावर एक ठेवल्यासारखी ब्लाव्हात्निक स्कूलची इमारत, आणि त्यामागे-शेजारी सॉमरव्हिल कॉलेजची पाठ. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये इथे आल्या. १८९२ मध्ये त्यांनी कायद्याची बी.सी.एल. परीक्षा दिली. ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पदवी हातात पडली १९२२ मध्ये, कारण ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायला सुरुवात केली तीच १९२० मध्ये. परीक्षेला बसू द्यावं म्हणून बेलिअल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट यांनी त्यांची बाजू लावून धरली होती.

हे जोवेट पुढच्याच थांब्यावर आहेत. वॉल्टन स्ट्रीटने उत्तरेकडे चालत राहा. डाव्या हाताला घरांच्या मधून सेंट सेपल्कर स्मशानभूमीकडे एक चिंचोळी वाट जाते. फलक छोटा आहे, म्हणून सिनेमागृह मागे पडलं की डाव्या बाजूवर लक्ष ठेवा. गावातल्या चर्चांच्या आवारांत दफनाला जागा उरली नाही तेव्हा १८४८ मध्ये ही सुरू झाली. जोवेट आणि कोंब दोघंही इथेच आहेत. जमीन उंचसखल आहे आणि गवतात कबरीचे दगड लपलेले असतात. खाली बघून चाला.

खायचं असेल तर इथेच, वॉल्टन स्ट्रीटवर उरकून घ्या. पुढचे दोन तास वाटेत दुकान नाही. शाकाहारींना अडचण येत नाही, पण सूपमध्ये मांसाचा रस्सा आहे का ते विचारावं. डबा आणला असेल तर तो युनिव्हर्सिटी पार्क्ससाठी राखून ठेवा.

कुरण

रस्त्याच्या उत्तर टोकाशी डावीकडे वॉल्टन वेल रोड. कोपऱ्यावरच्या आवारात लूसी कंपनीचा ईगल आयर्नवर्क्स हा ओतकारखाना होता, आता तिथे सदनिका आहेत. कारखाना गेला तरी त्याचं नाव गावभर पायाखाली आहे: गटारांची झाकणं आणि दिव्यांचे खांब बघत चला, ओतीव अक्षरांत लूसी सापडतो. मुलं बरोबर असतील तर हा खेळ पुढचे दोन किलोमीटर पुरतो.

कालवा आणि रेल्वे ओलांडून वाहनतळ लागतो, त्याच्या पलीकडे फाटक आणि एकदम मोकळं आभाळ. हे पोर्ट मेडो. इंग्लंडमधल्या जमिनींच्या १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत या गायरानाचा उल्लेख आहे, आणि गावच्या हक्कदारांची गुरं-घोडी आजही इथे चरतात. नांगर या जमिनीला कधी लागला नाही असं मानतात, म्हणूनच इथली वनस्पती आणि जुन्या दफनांचे उंचवटे टिकले.

फाटक आपल्यामागे बंद करायचं, हा इथला पहिला नियम. घोड्यांना खायला घालू नका. एकदा चटक लागली की ते पिशव्यांवर येतात. वासरू आणि गाय यांच्या मधून कधीही जाऊ नका, लांबून वळसा घाला. नोव्हेंबर ते मार्च कुरणाचा मोठा भाग पाण्याखाली असतो. पाणी उथळ दिसतं पण खालचे चर दिसत नाहीत, आणि थंडीत पाय भिजले की उरलेली फेरी शिक्षा होते. अशा दिवसांत फाटकापाशी उभं राहून पाणपक्षी बघा आणि परता. त्यातही मजा आहे.

जमीन कोरडी असेल आणि अंगात जोर असेल तर नदीच्या दिशेने, पश्चिमेला, मेडलीचा पादचारी पूल गाठा. थेम्स ओलांडून काठाने उत्तरेकडे गेलं की बिन्सी गावात पर्च ही जुनी पबखानावळ आहे. आणखी दहा-पंधरा मिनिटांवर सेंट मार्गारेटचं छोटं चर्च आणि शेजारी पायऱ्यांची विहीर. मध्ययुगात आजारी लोक इथे पाण्यासाठी यायचे. परत त्याच वाटेने यायचं.

उत्तरेचे बंगले

वॉल्टन स्ट्रीटवर परत येऊन सेंट बर्नार्ड्स रोडने पूर्वेला वुडस्टॉक रोडवर निघा. उजवीकडे मान वळवली की झाडांवरून अष्टकोनी मनोरा दिसतो: रॅडक्लिफ वेधशाळा, बांधून पूर्ण १७९४. स्वच्छ आकाशासाठी वेधशाळेचं काम पुढे दक्षिण आफ्रिकेत हलवलं, इमारत ग्रीन टेंपलटन कॉलेजकडे आली. रस्ता दिव्यावरच ओलांडा. मग बेव्हिंग्टन रोडने बॅनबरी रोड, तोही ओलांडून दक्षिणेकडे थोडं चाललं की डावीकडे नॉरहॅम गार्डन्स.

इथे शहराचा सूर बदलतो. सेंट जॉन्स कॉलेजच्या मालकीच्या जमिनीवर १८६० नंतर हे बंगले उठले: पिवळट विटा, टोकदार कमानी, उतरती छपरं, समोर दाट झाडं. सात नंबरचं घर विल्यम विल्किन्सन यांनी १८६२ मध्ये बांधलं. मॅक्सम्युलर १८६७ पासून १९०० मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथे राहिले. आत जाता येत नाही. फाटकाबाहेर, वाहनांची वाट न अडवता थांबा.

सांगण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे, म्हणून गटाला पंधरा मिनिटं द्या. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला आल्या त्या जवळच्या वाँटेजच्या मठात. सोबतच्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केल्यावर रमाबाई इतक्या हादरल्या की ऑक्सफर्डला आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा रात्री त्यांच्या खोलीत सोबतीला मोलकरीण झोपवावी लागे, असं मॅक्सम्युलर यांनी लिहून ठेवलं आहे. आणि १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली तेव्हा ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत त्यांना तुरुंगात पाठवणारे, सुटकेच्या अर्जावर सही करणारेही हेच. टिळक १८९८ मध्ये मुदतीआधी सुटले. पुढे १३ नंबरला डॉक्टर विल्यम ऑस्लर राहत. वैद्यकीय क्षेत्रातली मंडळी बरोबर असतील तर तिथे त्यांचा पाय निघत नाही.

रस्त्याच्या पूर्व टोकाला लेडी मार्गारेट हॉलजवळ युनिव्हर्सिटी पार्क्सचं फाटक आहे. ते बंद असेल तर आल्या वाटेने परत फिरून पार्क्स रोडच्या बाजूने आत शिरा. उद्यानात सायकल चालवायला मनाई आहे, त्यामुळे इथे मुलांना मोकळं सोडता येतं. चरवेल नदीवरचा उंच कमानीचा पूल १९२३-२४ मध्ये बेकारांना काम देण्यासाठी बांधला. क्रिकेटच्या मैदानावर विद्यापीठाचा संघ १८८१ पासून खेळतो. सामना चालू असेल तर डबा तिथेच उघडा, तिकीट लागत नाही.

होलीवेल

दक्षिणेच्या फाटकातून साउथ पार्क्स रोड, मग सेंट क्रॉस रोडने खाली. सेंट क्रॉस चर्चच्या शेजारून होलीवेल स्मशानभूमीत जाता येतं. ही मुद्दाम अर्धवट रानटी ठेवली आहे, पक्षी-प्राण्यांसाठी. मॅक्सम्युलर यांची कबर इथे आहे. नाव शोधायला वीस मिनिटं हाताशी ठेवा, कारण बरेच दगड शेवाळ आणि वेलींनी झाकलेले आहेत. वेली ओढून काढू नका, दगडाचा पापुद्रा बरोबर येतो. तिरपा प्रकाश पडला की झिजलेली अक्षरंही वाचता येतात, म्हणून दुपार उतरताना येणं सोयीचं.

पुढे रस्ता लाँगवॉल स्ट्रीट होतो आणि कोपऱ्यावर विल्यम मॉरिस यांचं गॅरेज: त्यांच्या पहिल्या मोटारीचं काम इथे झालं. उजवीकडे होलीवेल स्ट्रीट. निळ्या, पिवळसर, गुलाबी गिलाव्याची जुनी घरं वाकड्या ओळीत उभी आहेत. संगीत ऐकण्यासाठी १७४८ मध्ये उघडलेलं होलीवेल म्युझिक रूमही याच रस्त्यावर. डावीकडे बाथ प्लेस नावाचा बोळ आहे. खांदे तिरके करून आत शिरलं की टर्फ टॅव्हर्न, आणि तिथून सेंट हेलेन्स पॅसेजने न्यू कॉलेज लेनवर बाहेर. पाठीवर मोठी पिशवी असेल तर ती पुढे घ्या.

लेनने उजवीकडे गेलात की कॅट स्ट्रीट, आणि ब्रॉड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर जुन्या इंडियन इन्स्टिट्यूटची इमारत. संस्कृतचं प्राध्यापकपद मुंबईच्या फौजेत नोकरी केलेल्या कर्नल बोडेन यांच्या देणगीतून निघालं होतं, आणि देणगीचा उद्देश धर्मप्रसाराला मदत हा होता. १८६० मध्ये त्या पदासाठी मतदान झालं. मुंबईत जन्मलेले मोनिअर विल्यम्स ८३३ मतं मिळवून निवडून आले, मॅक्सम्युलर यांना ६१० मिळाली. जर्मन असणं आणि धर्माबाबत मोकळी मतं असणं, दोन्ही नडलं. विद्वत्तेचा निकाल म्हणून या आकड्यांकडे बघण्यात अर्थ नाही. मोनिअर विल्यम्स यांनी पुढे हिंदुस्थानात फिरून संस्थानिकांकडून पैसे जमवले आणि ही इमारत उभी केली. कोनशिला १८८३ ची, काम पूर्ण १८९६ मध्ये. भारतविषयक ग्रंथालय इथून केव्हाच हललं आहे आणि इमारतीचा वापर आता वेगळा आहे. रस्ता ओलांडून किंग्ज आर्म्सच्या बाजूला उभे राहा आणि छपराकडे बघा: वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या दांडीवर कोंबड्याऐवजी हत्ती बसवलेला आहे. इमारतीच्या अगदी पायथ्याशी उभं राहिलं तर तो दिसत नाही.

इथून स्टेशन पंधरा-वीस मिनिटांवर आहे: ब्रॉड स्ट्रीट, जॉर्ज स्ट्रीट, मग सकाळचाच हाइथ ब्रिज स्ट्रीट. पाय बोलत असतील तर जॉर्ज स्ट्रीटच्या उजव्या अंगाला ग्लॉस्टर ग्रीनचा बसतळ आहे, तिथून लंडनच्या बस सुटतात. रेल्वेपेक्षा वेळ जास्त लागतो, पण बसायला जागा मिळते आणि तिकीट स्वस्त. संध्याकाळी पाच ते सात लंडनच्या वेशीवर वाहनं तुंबतात, त्या वेळात विमान किंवा पुढची गाडी गाठायची असेल तर रेल्वेच धरा.